फळ्यावर गजराबाई

कुसळवाडी, ता. भूम
८ जानेवारी १९८४

कोंडीराम,

पत्राच्या वर काय घालावं ह्यातच माझा अर्धा तास गेला. तुम्ही जय भीम म्हणता, आम्ही राम राम म्हणतो. दोन्ही लिहून खोडलं, म्हणून कागद असा घाण दिसतोय. सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय ते काम निघालं म्हणून, हे आधीच सांगून टाकतो, उगीच प्रेमाचा आव आणत नाही. तुझ्या कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरचा पत्ता तुझ्या चुलत्याकडनं, हरिबाकाकांकडनं घेतला. द्यायला तयार नव्हते. तीन चकरा मारल्या तेव्हा दिला, तोही दारातच, आत ये म्हणाले नाहीत.

काम असं आहे. माळावरच्या गायरानात जी माणसं अठ्ठ्याहत्तर सालाच्या आधीपासून रान कसतात, त्यांच्या नावावर ते रान करून द्यायचं असं सरकारनं ठरवलंय. तुझ्या आईच्या नावानं नोटीस आलीय. चार एकर. तुम्ही गाव सोडल्यापासून हरिबाकाकाच तिथं ज्वारी आणि तूर करतात, पण रान गजरामावशीचं आहे हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळाआधी तुझ्या बापानं आणि तिनं मिळून दगड वेचून ते रान केलं. चौकशी मार्चअखेर गावात होणार. लेखी पुरावा पाहिजे. तो नसला तर माळाचा सगळा पट्टा झाडांच्या सोसायटीकडं जाईल आणि चार एकरांत खड्डे पडतील.

झाडांच्या सोसायटीचा सचिव अजून मीच आहे. चेअरमन अजून नानासाहेबच. फळाही अजून पारावर तिथंच आहे आणि रोज सकाळी त्यावर गावची बातमी मीच लिहितो: पाऊस किती, कुणाची गाय चुकली, किती रोपं जगली, कुऱ्हाडबंदी कुणी मोडली. तुला हे वाचून थुंकावंसं वाटेल. थुंक, मग पुढं वाच.

कारण आता त्या फळ्याचं कौतुक करायला जिल्ह्याहून माणसं येणार आहेत. हिरव्या गावाचं बक्षीस आहे म्हणे, आणि आपल्या गावाचं नाव वर गेलंय. गेला महिना गावात दुसरं बोलणंच नाही. ज्यानं जन्मात पाण्याचा तांब्या झाडाला घातला नाही तो मला पर्यावरण म्हणजे काय ते समजावून सांगतो. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू फासून झाला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मला ह्या सगळ्याचा असा वीट आलाय की सकाळी खडू हातात घ्यायला नको वाटतं, तरी घेतो.

सत्याहत्तरच्या मे महिन्यात ह्याच हातानं तुझ्या आईचं नाव त्या फळ्यावर ‘लाकूडचोर’ म्हणून लिहिलं. नानासाहेबांनी सांगितलं, मी लिहिलं. तू सुट्टीवर आलास, वाचलंस, आणि चौथ्या दिवशी आईला घेऊन गेलास. त्याबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. आत्ता रानाचं बघ. जुनं काही कागदपत्र, पावती, तगाई कर्जाचा अर्ज, काहीही असलं तर शोध आणि कळव.

मच्छिंद्र


कुसळवाडी
२९ जानेवारी १९८४

कोंडीराम,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहितो, कारण काल जे बघितलं ते घरात सांगायची सोय नाही. मालनबाईला, म्हणजे आमच्या मंडळीला सांगायला गेलो तर म्हणाली, “तुमचं अक्षर तेवढं चांगलं हाय, बाकी तुमच्यात सांगण्यासारखं काय हाय?” तिचं बरोबर आहे.

काल बक्षीसवाली कमिटी आली होती. दोन जीपा. माळावर चारशे खड्डे पावसाळ्यापासून कोरडे पडलेत, रोपं केव्हाच जळून गेली. ती गोष्ट मी फळ्यावर लिहायला निघालो होतो तर नानासाहेब म्हणाले, “मच्छिंद्र, गावाची इज्जत काय चव्हाट्यावर टांगायची असती का?” मग परवा दिवशी त्यांच्या गड्यांनी ओढ्याकाठच्या सुबाभळी तोडल्या, त्यांच्या फांद्या आणल्या, आणि चारशे खड्ड्यांत चारशे फांद्या खोचल्या. वरनं पाणी शिंपडलं. झाडं दाखवायला झाडं तोडली, कोंडीराम. दुपारपर्यंत पानं माना टाकायला लागली, तर कमिटीला सकाळीच माळावर नेलं आणि दुपारी जेवायला बसवलं. बाया गाणी म्हणत होत्या. शाळेतली पोरं रांगेत उभी करून ‘झाडे लावा, झाडे जगवा’ म्हणून घेतलं. एका कमिटीवाल्यानं खाली वाकून एका फांदीला हात लावला, ती त्याच्या हातात वर आली. त्यानं इकडंतिकडं बघितलं, पुन्हा खोचली आणि हात रुमालाला पुसले.

ह्यावर मला हसू यायला पाहिजे होतं. पण पुढं काय झालं ते ऐक. तुमच्या वस्तीच्या वाटेवर पाच लिंब आहेत. तुझ्या आईनं लावलेले. फळ्यावर नाव आलं की शिक्षा म्हणून पाच रोपं लावायची, ती जगून पालवी फुटली की नाव पुसायचं, असा सोसायटीचा नियम. तिनं लावलेली पाचही जगली. आख्ख्या माळावर खरीखुरी जगलेली झाडं बघायची तर तीच पाच आहेत. नानासाहेब कमिटीला तिथं घेऊन गेले आणि म्हणाले, “ही शिक्षेची झाडं बघा. आमच्या गावात चोराच्या हातनं सुद्धा झाड लावून घेतो. जातपात आम्ही मानत नाही, सगळ्यांना एकच फळा.” कमिटीनं वहीत लिहून घेतलं. मी शेजारी फाईल धरून उभा होतो. मला शिसारी आली, पण फाईल खाली ठेवली नाही.

सगळ्यांना एकच फळा म्हणे. संध्याकाळी मी सोसायटीचं कपाट उघडून सगळी रजिस्टरं काढून बसलो. फळ्यावरची रोजची बातमी मी त्यात उतरवून ठेवतो, हे तुला आठवत असेल. दहा वर्षांत कुऱ्हाडबंदी मोडली म्हणून अकरा नावं फळ्यावर आली. नऊ तुमच्या वस्तीतली, दोन पारध्यांची. नानासाहेबांच्या पुतण्याची वीटभट्टी तेरखेड्याच्या रस्त्याला धडधडा जळते, ती काय उन्हावर जळते? त्यांच्या नव्या घराच्या तुळयांना सात लिंब गेले, ते मी स्वतः मोजले होते. मोजले आणि गप्प बसलो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी दहा वर्षं सुंदर अक्षरात लिहीत आलोय.

कागदाचं काय झालं ते कळव.

मच्छिंद्र


कुसळवाडी
१९ फेब्रुवारी १९८४

कोंडीराम,

पुरावा सापडला. आनंद होऊ देऊ नकोस, आधी ऐकून घे.

तलाठ्याच्या दप्तरात तुझ्या आईचं नाव कुठंच नाही. पीकपाहणीत तुमचा पट्टा ‘पड’ म्हणून दाखवलाय, म्हणजे तिथं ज्वारी उभी असतानाही कागदावर कुसळं उगवत होती. हरिबाकाकांकडं दुष्काळातल्या दोन पावत्या होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. मग सगळ्या गावात अठ्ठ्याहत्तरच्या आधीचा एकच कागद उरतो ज्यात तो पट्टा तिचा आहे असं लिहिलंय. तो सोसायटीच्या रजिस्टरात आहे, माझ्या अक्षरात. जसाच्या तसा उतरवतो:

“१२ मे १९७७. लाकूडचोरी. गजराबाई बनसोडे यांनी माळावरील आपल्या रानाच्या बांधावरची बाभूळ तोडली. शिक्षा पाच रोपे.”

आपल्या रानाच्या. हे शब्द मी का लिहिले मला आठवत नाही. नानासाहेबांनी सांगितलं तेव्हा ते ‘गायरानातली’ म्हणाले होते. माझ्या हातानं ‘आपल्या रानाच्या’ लिहिलं, कारण ते तिचंच रान होतं, कुणीही तसंच म्हणायचं. कुळवाला लाकूड हवं होतं म्हणून तिनं स्वतःच्या बांधावरची, स्वतः वाढवलेली बाभूळ तोडली होती. ह्यात चोरी कसली, हे मी तेव्हा विचारलं नाही. गावानंही विचारलं नाही. कुऱ्हाडबंदी म्हणजे कुऱ्हाडबंदी, असं सगळे मोठ्या तत्त्वानं बोलत होते.

आता अडचण तुला कळली असेल. चौकशीत कागद जाहीर वाचतात. हा वाचला तर रान तुझ्या आईचं होतं. आणि हाच वाचला तर तिला कळतं, की फळ्यावर तिचं नाव कशासाठी लिहिलं होतं.

कारण तिला अजून माहीत नाही. तुला हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ती समजत होती की गावानं तिचा मान केलाय. लहानपणी तूच पाटीवर लिहून तिला तिचं नाव ओळखायला शिकवलं होतंस, बाकी अक्षर तिला एक येत नाही. तिनं फळ्यावर नाव बघितलं आणि तिचा तसा समज झाला. पाच रोपं लावायला सांगितली तर लुगड्याला हळदीचं बोट लावून गेली लावायला. तेरखेड्याला फटाक्याच्या कामावर जाणाऱ्या बहिणीला मुद्दाम बोलावून आणलं फळा दाखवायला. बहिणीलाही वाचता येत नव्हतं. दोघी फळ्यापुढं उभ्या राहिल्या आणि पारावरची माणसं धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसत होती. मग तू आलास, तर तुलाही हाताला धरून घेऊन आली. तू वाचलंस. तू तिला काही बोलला नाहीस. रेल्वेचं क्वार्टर मिळालंय, चल म्हणालास.

तुझ्या वस्तीतल्या एकाही माणसानं तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. दर वर्षी जयंतीला ती येते, हरिबाकाकांकडं उतरते, आठ दिवस राहते, आणि तरी सांगितलेलं नाही. आमच्या आळीत गोष्ट तीन दिवस पोटात राहत नाही. सात वर्षं चाळीस घरांनी ती पोटात ठेवली. मला हे गेल्या आठवड्यात हरिबाकाका बोलले तेव्हा कळलं, आणि मान वर करवली नाही.

तर तू सांग. कागद काढू का नको? तू म्हणशील तसं.

मच्छिंद्र


कुसळवाडी
११ मार्च १९८४

कोंडीराम,

तुझं कार्ड मिळालं. “आपले पत्र मिळाले. कागद वाचू नये. रान गेले तर जाऊ द्यावे. आईला या वयात चोर ठरवून रान नको. कळावे.”

आपले, वाचू नये, जाऊ द्यावे. सातवीपर्यंत एका तरटावर बसलो, एका दप्तरातनं पेरू खाल्ले, आणि तू मला ‘आपले’ लिहितोस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. पण तू लिहिलंस ते योग्य लिहिलंस. कागद मी काढणार नाही. तोंडी साक्ष देईन, की मी लहानपणापासून गजराबाईला त्या रानात बघत आलोय. हरिबाकाकांना तसं सांगितलंय. ते म्हणाले, “बघू. तू बोलशील तवा खरं.”

आता एक गोष्ट लिहायची आहे. ती आजवर कुणाला सांगितली नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं की तिचा तसा समज झाला. खोटं लिहिलं.

तिचा आपोआप समज झाला नव्हता, कोंडीराम. तिनं मला विचारलं होतं.

मी नुकतं लिहून खडू खिशात घातला होता. सकाळची वेळ, पारावर अजून कुणी आलं नव्हतं. ती पाणी घेऊन चालली होती. थांबली, घागर कमरेवर, आणि म्हणाली, “मच्छिंद्रा, हे माजं नाव न्हवं का रं?” मी म्हणालो, “व्हय मावशी.” तर म्हणाली, “काय लिवलंय माजं?”

कुणी ऐकायला नव्हतं. नानासाहेब नव्हते, पारावरची टवाळ माणसं नव्हती. मी खरं सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं? पण ती अशी बघत होती, एवढी खुशीत, की मला तोंडावर ‘चोर’ म्हणायची लाज वाटली. फळ्यावर लिहायची वाटली नव्हती. मी म्हणालो, “चांगलं लिहिलंय, मावशी. गावानं तुमचा मान केलाय. तुमच्या हातनं पाच झाडं लावायची आहेत.”

तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली.

नंतर ती बहिणीला घेऊन आली आणि पारावर माणसं हसली, त्यात मीही होतो. मोठ्यानं नाही, पण हसलो. का हसलो ते मला आजही सांगता येत नाही. सगळे हसत होते आणि मी एकटा गंभीर बसलो असतो तर कुणी विचारलं असतं, एवढंच असेल. माणूस किती स्वस्तात घाण होतो बघ.

आणि दर वर्षी एप्रिलात ती आली की पारावरनं जाताना मला हाक मारते. “मच्छिंद्रा, बरा हाईस का? पोरं बरी हाईत का?” म्हणते. तुझ्याशी मी एक वेळ तोंड चुकवू शकतो. तिच्यापासून चुकवता येत नाही, कारण ती मला माणूस समजते.

हे वाचून तू पत्र फाडशील. फाड. पण चौकशीला, ३० मार्चला, तू ये. आईला आणू नकोस.

मच्छिंद्र


कुसळवाडी
२ एप्रिल १९८४

कोंडीराम,

तू आला नाहीस. ती आली.

तिनं तुला न सांगता बार्शीची गाडी धरली हे मला नंतर कळलं. हरिबाकाका म्हणाले, निरोप त्यांनीच धाडला होता, रान तिचं, तर अंगठा तिनंच द्यायला पाहिजे. हिरव्या लुगड्यात आली होती. एसटीतनं उतरून आधी माळावर जाऊन रान बघून आली आणि मग चावडीत येऊन बसली. मला बघून हसली.

आता जे झालं ते क्रमानं सांगतो. हे तिच्याकडनं तुला कळलं असेल, पण माझ्याकडनंही कळायला पाहिजे.

तहसीलचे साहेब आले होते. घाईत होते, पुढं ईट गावाला दुसरी चौकशी होती. मी उठून तोंडी साक्ष दिली. बरी दिली. साहेब म्हणाले, “तोंडी नको, लेखी काय आहे?” मी रजिस्टराचं नाव काढलं नाही. प्रकरण तिथंच संपलं असतं आणि तू म्हणालास तसं रान गेलं असतं.

पण नानासाहेबांना राहवेना. जिंकलेला माणूस गप्प बसत नाही. ते म्हणाले, “साहेब, ह्या बाईच्या हातात माळ दिला तर उद्या एक झाड राहायचं नाही. हिचा इतिहास आहे. आमच्या सोसायटीच्या रजिस्टरात नोंद आहे.” आणि कपाटातनं रजिस्टर मागवलं. त्यांनी त्यात काय लिहिलंय ते सात वर्षांत उघडून बघितलं नव्हतं. साहेबांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं. “अक्षर तुमचं ना? वाचा.”

मी वाचलं. लाकूडचोरी, गजराबाई बनसोडे. खाली बघून वाचलं. आवाज मात्र नीट निघाला. मला वाटतं, तोंड कोरडं पडायला पाहिजे होतं, तेवढंही झालं नाही.

साहेब हसले. म्हणाले, “आपल्या रानाच्या बांधावरची? म्हणजे सत्याहत्तरला रान हिचंच होतं की. चेअरमनसाहेब, तुम्हीच पुरावा दिला.” चावडीत कुजबूज झाली. नानासाहेबांचा चेहरा उतरला. मग साहेब पुन्हा म्हणाले, “पण आपल्याच रानातली तोडली तर चोरी कशी?”

कोंडीराम, ह्या प्रश्नासाठीच मी जन्मलो होतो म्हण. इतका सोपा प्रश्न. तोडली हे खरं, चोरी हे खोटं, लिहायला लावलं नानासाहेबांनी आणि लिहिलं मी. चार शब्द बोललो असतो तर रानही राहिलं असतं आणि नावही. ती माझ्याकडं बघत होती. मला वाटतं, अजूनही तिला खात्री होती की मी काहीतरी चांगलं बोलेन.

नानासाहेब म्हणाले, “सोसायटीचा नियम होता. आपलं असो, दुसऱ्याचं असो, झाड तोडलं की चोरीच. काय मच्छिंद्र?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, “ते तुमचं तुम्ही बघा. सचिव, नोंद खरी आहे ना, तेवढं सांगा.”

मी म्हणालो, “खरी आहे.”

आतल्या आत मी स्वतःला समजावत होतो की रानासाठी म्हणतोय. नोंद खोटी म्हणालो तर पुरावाच जाईल, असं. खरं सांगू? नानासाहेब समोर बसले होते म्हणून म्हणालो. तिसऱ्या कुणाला हे कारण देशील तर तो म्हणेल, एवढंच? तर हो, एवढंच.

साहेबांनी लिहिलं, कागद पुढं केला, शाईची डबी उघडली. म्हणाले, “बाई, अंगठा द्या. रान तुमचं झालं.”

ती उठली नाही. म्हणाली, “सायेब, वर काय लिवलंय ते पुन्यांदा सांगा.” साहेबांनी सांगितलं, की सत्याहत्तर सालच्या लाकूडचोरीच्या नोंदीवरून भोगवटा सिद्ध होतो. ती म्हणाली, “म्हंजी मी चोर हाय म्हून रान माजं.” साहेब म्हणाले, “बाई, तसं नसतं, कागदाची भाषा असते. द्या अंगठा, चार एकर आहे.” हरिबाकाका म्हणाले, “वयनी, दे. डोळे झाकून दे.”

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. “चोराच्या नावानं मला रान नगं. म्या कुनाचं झाड तोडलं न्हाई. खोडा आदी ते.” खोडता येत नव्हतं. साहेबांनी ‘अंगठा देण्यास नकार’ असं लिहिलं, तीस दिवसांत लेखी म्हणणं देता येईल म्हणाले आणि जीपमध्ये बसले. नानासाहेब पार चढताना लोकांना म्हणत होते, बघा, गाव रान द्यायला तयार होतं, बाईच हेकट.

ती एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली. मालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेली, पाठोपाठ मी गेलो. मला वाटलं, शिव्या देईल, तोंडावर पाणी मारेल. तिनं पाणी प्यायलं. मालनबाईला तांब्या परत दिला. मग म्हणाली:

“त्या दिशी म्या इचारलं तवा खरं सांगितलं असतंस, तर म्या भांडले असते रं. नानासायबाच्या दारात जाऊन बसले असते. आरडले असते, रडले असते, आन हितंच ऱ्हायले असते. माजं भांडान तू खाल्लंस.”

मी म्हणालो, “मावशी, चुकलं.”

“चुकलं म्हंतोस. कुरडुवाडीला आमच्या चाळीत बाया इचारत्यात, म्हातारे, गाव का सोडलंस? सात वर्सं झाली, म्या त्यास्नी सांगत आले, सोडलं न्हाई, लेकाला कॉर्टर मिळालं. गावात माजा मान हाय, मोठ्या फळ्यावर नाव लिवलंय माजं. लिवनारा मच्छिंद्रा माज्या लेकाच्या बरूबरचा, लई गुनी हाय म्हून सांगितलं. आता जाऊन त्या बायास्नी काय सांगू, ते तूच लिवून दे.”

मी खिशातनं कागद काढला. एसटी आली. ती चढली. मालनबाई माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही.

सोबत एक कागद आहे, तिकीट लावलेला, सही केलेला. त्यात लिहिलंय की गजराबाई बनसोडे यांनी तोडलेली बाभूळ त्यांच्या स्वतःच्या रानातली होती. त्यात चोरी नव्हती. ‘चोर’ हा शब्द नानासाहेबांच्या सांगण्यावरून मी लिहिला. गजराबाईंनी विचारलं तेव्हा मी त्यांना खोटं सांगितलं, आणि ३० मार्चला साहेबांसमोर दुसऱ्यांदा खोटं बोललो. ह्याची नक्कल काल नानासाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचून माझ्याकडनं कपाटाची किल्ली मागून घेतली. २९ एप्रिलच्या आत तहसीलला हा कागद दिला तर नोंद दुरुस्त होऊन रान तिच्या नावावर होईल, असं भूमचा वकील म्हणतो. पण आधी तिला वाचून दाखव. तिनं नको म्हटलं तर देऊ नकोस.

तिनं मागितलेला कागद हा नव्हे, हे मला कळतं. त्यासाठी परवापासून चार वेळा बसलो. चाळीतल्या बायांना तिनं काय सांगावं, ते मला लिहिता आलं नाही.

मच्छिंद्र